केशवरावांचा ढेकर

डॉक्टरसाहेब मला म्हणाले, "मारोतराव, चार पानं लिहून द्या. नवे पेशंट येतात, घाबरलेले असतात. त्यांना धीर येईल असं लिहा." बरं म्हटलं. घरी आलो, वही उघडली, पेनात शाई भरली, आणि धीर देणारं एक वाक्य सुचेल तर शपथ! सुचलं ते एका माणसाचं नाव. भिवापूरचे केशवराव. या माणसावर मी जितका जळलो तितका जन्मात कोणावर जळलो नाही. त्यांच्या मिरचीच्या धंद्यावर नाही, शेतीवर नाही. त्यांच्या ढेकरावर.

हसा. माझी बायकोही हसते. पण ज्याचं ऑपरेशन व्हायचं आहे त्यानं नीट वाचावं. टाक्यांचं दुखणं महिन्याभरात जातं. शेजारच्या खाटेवरचा माणूस आपल्याआधी बोलायला लागला की जे दुखतं, त्यावर दवाखान्यात गोळी मिळत नाही.

आरसा

मी एसटीत कंडक्टर. नागपूर-काटोल. संत्र्याच्या दिवसांत गाडीत माणसं कमी आणि टोपल्या जास्त, आणि त्या सगळ्या कलकलाटाच्या वर माझा आवाज. "सरका जी समोर" म्हटलं की मागच्या बाकावर झोपलेला माणूसही दचकून सरकायचा. रविवारी विहारात वंदना मीच सांगायचो. लग्न असो, नामकरण असो, वस्तीतले लोक म्हणायचे, मारोतरावाले बोलवा, भोंगा आणाचं काम नाही. मला त्याचा गर्व होता. होता तर होता.

दिवाळीनंतर आवाज बसला. मिठाच्या गुळण्या केल्या, ज्येष्ठमध चघळलं, हळद-दूध प्यालो, आणि त्यावर बिडीही ओढली, कारण अक्कल तेव्हा नव्हती. होळी आली तरी घसा खरखरतच होता. डेपोतले मित्र विचारायचे, "काहून गा मारोतराव, बॅटरी उतरली काय?" शेवटी माझी बायको शेवंता हट्टाला पेटली आणि मला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरांच्या कपाळावर एक गोल आरसा होता, घशात दुसरा लहानसा घातला. तुकडा काढून तपासायला पाठवला आणि आठ दिवसांनी बोलावून सांगितलं, "कॅन्सर आहे. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल."

मी विचारलं, "अन् बोलणं?"

"जीव वाचेल," ते म्हणाले. "बोलण्याचं नंतर पाहू."

त्या क्षणी मला देव आठवला नाही, घर आठवलं नाही. बाहेर व्हरांड्यात एक चिवडेवाला ओरडत होता. साधा चिवडेवाला, पण आवाज कसा खणखणीत! त्याचा गळा जाऊन धरावा असं वाटलं. जळफळाट तिथूनच सुरू झाला, हे मी कबूल करतो.

शेवंताला सांगितलं तेव्हा तिनं पदराचं टोक पिळलं. मग म्हणाली, "घसाच काढतीन ना? माणूस तर ठेवतीन?"

लोक विचारतात, शेवटचं काय बोललात? मी मोठं छान काहीतरी ठरवून ठेवलं होतं. ऑपरेशनच्या दिवशी मला ट्रॉलीवरून नेत होते, शेवंता सोबत चालत होती, आणि दार आलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "माह्या चपला खाटेखाली आहेत, पाहशील." बस. बेचाळीस वर्षांचा आवाज चपलांवर संपला.

पाटी

शुद्धीवर आलो तेव्हा नाकात नळी, आणि गळ्याच्या खड्ड्यात भोक. श्वास आता तिथून. खोकला तिथून, कफही तिथून. पहिल्यांदा आरशात पाहिलं तेव्हा मी आरसा उलटा ठेवला. ज्यांना ही वेळ येईल त्यांना एवढंच सांगतो, तो आरसा चार दिवसांनी आपणच सरळ करतो. भोकावर ओला रुमाल ठेवावा, धुळीपासून जपावं, आंघोळीला पाणी छातीखालून घ्यावं. हे सगळं शिकता येतं. याची भीती धरू नका.

माझी अडचण वेगळी होती. दवाखान्यानं बोलण्यासाठी पाटी दिली. मी दहावीपर्यंत शिकलेला, अक्षर चांगलं. पण शेवंताला वाचता येत नाही. लग्नाला वीस वर्षं झाली, कधी गरज पडली नव्हती. मी बोलायचो, ती ऐकायची. ती बोलायची, मी ऐकल्यासारखं करायचो. संसार चालला होता.

आता माझ्या आणि तिच्या मध्ये गोदावरी वहिनी आल्या. माझ्या मोठ्या भावाची बायको, शेवंताची जाऊ. चौथी पास. रोज दुपारी डबा घेऊन यायच्या आणि माझी पाटी शेवंताला वाचून दाखवायच्या. आमच्या घरात या दोन जावांचं कधी पटलं नाही. चूल एक असताना पटलं नाही, दोन झाल्या तरी नाही. आणि आता मला बायकोशी जे बोलायचं ते या बाईच्या तोंडून.

एके दिवशी मी लिहिलं, "मला फार भीती वाटते. कफ अडकला की जीव जातो असं वाटतं. तू घरी जाऊ नको, व्हरांड्यात तरी थांब." वहिनींनी पाटी हातात धरली, वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाल्या, "थांब म्हणते."

शेवंतानं विचारलं, "एवढं मोठं लिवलं, अन् एवढंच?"

"हाव. एवढंच."

मी पाटीवर बोट आपटत राहिलो. वहिनींनी ती ओल्या फडक्यानं पुसून टाकली.

शेजारची खाट

केशवरावांचं ऑपरेशन माझ्या आधी दहा दिवस झालेलं. पोट असं की खाटेवर बसले तर आधी पोट बसायचं. भिवापुरात मिरचीचे व्यापारी. जेवण झालं की सगळ्या वॉर्डाला कळेल असा ढेकर देण्याची त्यांना आयुष्यभराची सवय.

आमच्या नाकातल्या नळ्या निघाल्या, जखमा भरल्या. अजून किरणांचे शेक घ्यायचे होते म्हणून दोघांनाही वॉर्डातच ठेवलं होतं. एक दिवस डॉक्टरांनी आम्हाला समोरासमोर बसवलं. म्हणाले, "फुप्फुसाची हवा आता तोंडात येत नाही. तेव्हा तोंडातली हवा अन्ननलिकेच्या तोंडाशी ढकलायची आणि लगेच परत आणायची, ढेकरासारखी. त्या ढेकरावर शब्द बसवायचा. का, पा, टा अशी अक्षरं आधी येतील." दाराबाहेर गोटीच्या सोड्याची गाडी होती. म्हणाले, "सुरुवातीला हवं तर सोडा प्या."

आता माझं ऐका. माझी आई फार कडक. जेवताना ढेकर दिला की पाठीत धपाटा. "जनावर आहेस काय?" मला ढेकर येतच नाही. आला तरी ओठांमागे गिळतो. सोड्याच्या तीन-तीन बाटल्या प्यालो, पोट नगाऱ्यासारखं फुगलं, वर काही येईना. सगळी हवा खाली. लाज वाटेल अशा ठिकाणाहून निघाली.

आणि केशवराव? पहिल्याच बाटलीत "का!" चौथ्या दिवशी "काका". आठवड्याभरात नर्सबाईंना म्हणाले, "चा... पायजे." आवाज कसला, मडक्यात बेडूक बसल्यासारखा. पण आवाज होता! नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या. अख्ख्या वॉर्डानं टाळ्या वाजवल्या. डॉक्टर राउंडला आले की आधी त्यांच्या खाटेशी थांबायचे. मी भिंतीकडे तोंड करून झोपलो. मनात म्हटलं, आयुष्यभर असभ्यासारखा ढेकर दिला त्याचं या माणसाला बक्षीस, आणि मी सभ्य राहिलो त्याची मला शिक्षा. हा कुठला न्याय?

हसणं

हेही सहन केलं असतं. पण शेवंता हसली.

दुपारची वेळ. ती माझ्या पायाशी बसून संत्रं सोलत होती. केशवराव त्यांच्या खाटेवरून काहीतरी घरघरले, "क्ख... बाई... ट्ट..." असं, आणि शेवंता खुदकन हसली. तोंडाला पदर लावून. मला एक अक्षर समजलं नव्हतं. तिला समजलं! परत ते काही म्हणाले, परत ती हसली. म्हणजे या भिवापूरच्या माणसाचं माझ्या बायकोला कळतं, मधे कोणी लागत नाही, आणि मी तिचा नवरा, मला चौथी पास वहिनी लागतात. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग रोजचंच झालं. आली की आधी त्यांना विचारायची, "काय म्हणता जी केशवराव, जेवले?" तिकडून घरघर, इकडून हसू. त्यांची बायको कधी आली नाही. मुलगा पंधरा दिवसांतून एकदा यायचा, दारातूनच डबा देऊन जायचा. मला वाटलं, म्हणूनच हा माझ्या बायकोशी लाडीगोडी करतो.

मी पाटीवर लिहिलं, "त्या माणसाशी बोलत जाऊ नको. मला ते आवडत नाही." आणि पाटी वहिनींना दिली. चूक तिथे झाली. आधीचं सगळं गाळणाऱ्या वहिनींनी हे मात्र एक शब्द न गाळता वाचलं. उलट पदरचं घातलं. खड्या आवाजात, अख्खा वॉर्ड ऐकेल असं. "आयकलं काय वं? ते म्हणून राहिले, परक्या माणसाशी दात काढत नको जाऊ. घरची अब्रू आहे म्हणून राहिले."

केशवरावांनी तोंड फिरवलं. शेवंतानं संत्र्याच्या फोडी डब्यात ठेवल्या, झाकण लावलं. मग माझ्या हातातली पाटी घेतली आणि पिशवीत टाकली.

"मारायचं तर मारा," ती म्हणाली. "पण जाऊबाईच्या हातानं नोका मारू."

त्यानंतर तिनं मला पाटी दिली नाही. वहिनींनाही दवाखान्यात येऊ दिलं नाही.

मंगळवार

घरी आलो. डेपोनं रजा वाढवून दिली होती. बोलता आलं तर परत गाडीवर, नाही तर निवृत्तीची कागदपत्रं करू, असं साहेबांनी सांगितलं होतं. खरं सांगतो, नोकरीचं मला तितकं वाटत नव्हतं. मला शेवंताशी बोलायचं होतं. फक्त तिच्याशी, मधे कोणी नको. आणि सराव मी सोडून दिला होता, कारण सराव म्हटला की केशवराव डोळ्यांसमोर यायचे.

पाणी पाहिजे तर पेला वाजवायचो. राग आला तर ताट. ती पाणी द्यायची, ताट उचलायची, पण पूर्वीसारखं बोलायची नाही.

दर मंगळवारी ती माझा कापूस-औषध आणायला दवाखान्यात जायची. अकराला जायची, तीनला यायची. कापसाला चार तास? वहिनींनी एकदा कुंपणावरून सांगितलंच, "भाऊजी, तुमची लक्षुमी सोड्याच्या गाडीपाशी त्या भिवापूरवाल्यासंगं बसली होती. आपल्याले काय करायचं म्हना."

पुढच्या मंगळवारी मी तिच्या मागच्या बसनं गेलो.

दवाखान्याबाहेर सोड्याच्या गाडीजवळ कडुलिंबाखाली बाक होता. केशवराव बसलेले. शेवंता समोर उभी, हातात सोड्याची बाटली. डोक्यावरचा पदर घसरलेला. माझ्या मोठ्या भावासमोर वीस वर्षांत तिचा पदर कधी घसरला नाही. तिनं सोड्याचा मोठा घोट घेतला, तोंड मिटलं, गाल फुगवले, आणि भर रस्त्यावर, सोडेवाला पाहतो, येणारे-जाणारे पाहतात, असा ढेकर दिला म्हणून सांगू! "काऽऽ!" केशवरावांनी टाळी वाजवली. तिनं पुन्हा घोट घेतला. "पाऽऽ!"

मला काय झालं ते सांगता येत नाही. ओरडायला तोंड उघडलं, गळ्याच्या भोकातून नुसती शिट्टी वाजली. दोघांनी वळून पाहिलं. मी तसाच उलट फिरलो आणि पायी घरी आलो.

ती मागोमाग आली. दार लावून घेतलं. माझ्यासमोर पाट टाकून बसली. घाम आला होता तिला.

"पाहा माह्याकडं," म्हणाली. आणि सोडा नाही, काही नाही, गाल फुगवून तिनं ढेकर काढला. "का!"

मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"दोन महिने झाले शिकून राहिली मी. तुमी त्यायच्यापासून शिकणार नाई, हे मले मालूम होतं. म्हणून मी शिकली. आता माह्यापासून तर शिका! माह्यावर तर जळत नाई ना?"

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मी तिच्यावरही जळलो. दोन महिन्यांत तिला आलं!

तरी दोन दिवस मी ताठलेलाच होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी आपणच पाट टाकून बसलो. आमचं ते काम सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. ती ढेकर द्यायची, मी गिळायचो. ती हात माझ्या पोटावर ठेवायची, म्हणायची, "खाली नोका जाऊ देऊ, घशातूनच फिरवा." आई आठवली की माझे ओठ आपोआप मिटायचे. शेवंता म्हणायची, "सासूबाई गेल्या जी. आता द्या बिनधास." एकविसाव्या की बाविसाव्या दिवशी आलं. "का." मग "टा". मग एका दमात "काटोल". शेवंतानं भाकरी तव्यावर टाकली होती, ती करपली. आम्ही दोघं करपलेली भाकरी खाल्ली.

तिचं नाव मात्र येईना. श, स, ह फार अवघड जातात. मी तिला "बाई" म्हणायचो आणि मनात जळायचो, कारण केशवरावही तिला बाईच म्हणायचे.

काय म्हणाले?

चार महिन्यांनी पूर्ण वाक्य जमायला लागलं, श, स, हही अर्धेमुर्धे निघू लागले. बायकोला पहिलं वाक्य काय बोलावं? माणूस उपकार मानील, काही गोड बोलेल. मी जे बोललो ते असं, "त्याचं... तुले... कसं कळते?"

"कोणाचं?"

"केशव... राव."

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "कोण म्हणते कळते? मले तं त्यायचं एक अक्षर कळत नाई. गाल कसे फुगवाचे ते करून दाखवत, ते कळे. बोलणं नाई."

"मग... हसे... काहून?"

"अवो, माणूस एवढा जीव काढून बोलून राहिला, तोंडाकडं पाहून राहिला. कोणी हसू नाई काय? दोन दिवस घरी जाऊन आले तं नातवंडायनं कान झाकले म्हणे, नर्सबाई सांगे. म्हणून हसे."

मी सगळा उन्हाळा ज्या गोष्टीवर जळलो ती गोष्ट नव्हतीच. मला हसू यायला पाहिजे होतं, पण आधी लाज आली.

"अन् माह्यं?"

"तुमचं कळते," ती म्हणाली, आणि सूप उचलून तांदूळ पाखडायला लागली.

पुढच्या मंगळवारी मी तिच्यासोबत गेलो. केशवराव लिंबाखाली होतेच. मला पाहून थोडे सरकले, जागा दिली. मग बोलायला लागले, आणि काय सांगू, मला सगळं कळत होतं! त्यांची हवा कुठे अडते, कोणतं अक्षर आतच राहतं, हे मला आतून ठाऊक झालं होतं. शेवंतानं माझ्या दंडाला हात लावला. "काय म्हणून राहिले जी?"

मी सांगायला लागलो. ते म्हणतात, शेक संपून महिने झाले, इथं काही काम नाही, तरी येतो. मिरचीच्या गोदामात जाता येत नाही, तिखटाची धूळ उडते, गळ्याच्या भोकातून आत गेली की जीव घाबरा होतो. मुलगा म्हणतो, घरी बसा. घरी बसलो तर कोणाला माझं कळत नाही. "हं" म्हणतात आणि उठून जातात. हे सगळं मी माझ्या घरघरीत तिला सांगितलं, ती ऐकत होती, आणि केशवराव मान हलवत होते, बरोबर आहे, बरोबर आहे.

मग ते शेवंताकडे पाहून आणखी एक वाक्य बोलले. हळू बोलले, पण मला स्वच्छ कळलं. "बाईले सांगा, वॉर्डात त्या हसल्या नसत्या तर मी तोंड उघडणंच सोडून देल्लं असतं."

"काय म्हणाले?" शेवंतानं विचारलं.

मी तिच्या कानाजवळ तोंड नेऊन हळूच म्हटलं, "आजचा सोडा... चांगला आहे म्हणतेत."

ती हसली. केशवरावांना वाटलं, मी सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले.

दोन वर्षं झाली. मी परत गाडीवर आहे, तिकिटं फाडतो, स्टॉप ओरडता येत नाहीत तर पंच वाजवतो आणि जवळ जाऊन सांगतो. मंगळवारी सुटी मागून घेतो, वॉर्डात केशवराव आणि मी नव्या लोकांना शिकवतो. ते आजही माझ्यापेक्षा चांगले बोलतात आणि आजही मला ते खुपतं. धीर द्यायला सांगितलं होतं म्हणून सांगतो, मत्सर जात नाही, पण त्याच्यासकट शिकता येतं.

ते एक वाक्य मी शेवंताला अजून सांगितलेलं नाही. उद्या सकाळी चहा झाला की ही पानं तिला वाचून दाखवणार आहे. वहिनींना बोलावणार नाही. मीच वाचणार आहे, पहिल्या ओळीपासून, माझ्या आवाजात, आणि ते वाक्य आलं की गाळणार नाही.